घरात ऊर्ध्वपातनाचं यंत्र ठेवायचंय? बेळगाव, खानापूर, निपाणीकरांनी आधी हे बघा

ऊर्ध्वपातन म्हणजे द्रव उकळून त्याची वाफ थंड करून पुन्हा गोळा करणं. त्यासाठी ऑनलाइन दहा लिटरचं तांब्याचं चकचकीत यंत्र मिळतं. सोबत थर्मामीटर, वेटोळी नळी आणि ‘गुलाबपाणी, सुगंधी तेल, शुद्ध पाणी’ असं लिहिलेलं खोकं. ते कसं वापरायचं म्हणून व्हिडिओ शोधला की समोर येतो परदेशातला कुणी गॅरेजमध्ये व्हिस्की गाळताना. न्यूझीलंडमध्ये स्वतःपुरती दारू गाळायला 1996 पासून मुभा आहे, म्हणून तिथला माणूस बिनधास्त चेहरा दाखवतो. आपल्याकडे तशी मुभा नाही.

दारू हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यांच्या यादीतला विषय, त्यामुळे बेळगाव जिल्ह्याला लागू होतो कर्नाटक अबकारी कायदा, 1965. त्याच्या कलम 13 प्रमाणे परवान्याशिवाय दारू तयार करता येत नाही, आणि दारू तयार करण्याच्या हेतूनं भट्टी, भांडी, अवजारं किंवा कच्चा माल जवळही ठेवता येत नाही. शिक्षा कलम 32 खाली: तुरुंगवास आणि दंड. ‘विकत नाही, घरच्यापुरतीच काढतो’ ही सवलत कायद्यात कुठेही नाही. दुकानातून रीतसर आणलेली दारू घरी पुन्हा गाळली तरी ते उत्पादनच धरलं जातं. परवाना काढू म्हणाल, तर घरगुती भट्टीला परवाना मिळतच नाही. सरकारमान्य सारायी, म्हणजे अरॅकसुद्धा, राज्यात 1 जुलै 2007 पासून बंद आहे. दारूचा धंदा हा मूलभूत हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 1994 मध्ये खोडे डिस्टिलरीजच्या खटल्यात सांगून टाकलंय. कोर्टात भांडून परवाना आणण्याचा बेत सोडा.

कलमातला कळीचा शब्द ‘हेतूनं’ हा आहे. पाण्यासाठी किंवा तेलासाठी ठेवलेलं यंत्र गुन्हा ठरत नाही. पण कायद्यात दुसरं एक गृहीतकही आहे: भट्टीचं सामान सापडलं आणि ते का बाळगलंय याचा समाधानकारक खुलासा देता आला नाही, तर गुन्हा केलाय असं धरून चालतात. एरवी गुन्हा सिद्ध करायचं काम सरकारचं असतं, इथे बरंचसं ओझं तुमच्या खांद्यावर येतं. म्हणून यंत्राच्या आजूबाजूला काय ठेवलंय, याला यंत्राइतकंच महत्त्व.

अबकारी निरीक्षक आधी बघतो तो कोपऱ्यातला प्लास्टिकचा बॅरल. झाकण उघडल्यावर आंबूस वास, वर फेस आणि काठाला चिकटलेला गुळाचा तपकिरी पट्टा दिसला की तो सडवा, म्हणजे दारूसाठी आंबवलेला घोळ, झाला, आणि तुमचं गुलाबपाणी तिथेच संपलं. नवसागराची पुडी, काळ्या गुळाच्या ढेपा, मळीचा डबा, आंबवायला टाकलेली काजूची बोंडं यांतलं काहीही यंत्राच्या खोलीत नको. उसाच्या पट्ट्यात घरात गूळ असणारच, तो स्वयंपाकघरात असू द्या.

तेलासाठी यंत्र घ्यायचंच असेल तर ते तेलाचंच दिसेल असं घ्या. गवती चहाच्या यंत्राला रुंद तोंड लागतं, कारण गवत भरायचं आणि चोथा उपसायचा असतो. आत पाण्याच्या वर जाळी हवी. गवत पाण्यात बुडालं तर तळाला लागून करपतं आणि तेलाला जळका वास येतो. शेवटी तेल-पाणी वेगळं करणारं भांडं: तेल वर तरंगतं, पाणी खालच्या नळीनं निघून जातं. दारूच्या भट्टीत ना जाळी असते ना हे भांडं, त्यामुळे हे दोन भाग म्हणजे तुमचे बोलके साक्षीदार. धातू स्टेनलेस स्टील 304 चा घ्या. तांब्यामुळे तेलाचा रंग बिघडतो, आणि तांबं बघून संशयही लवकर येतो. गवत कापून दिवसभर सावलीत सुकवा, मग दोन-तीन तास वाफ द्या. शंभर किलो ओल्या गवतामागे साधारण 300 ते 500 ग्रॅम तेल धरा. कमी आलं तर आधी कंडेन्सर, म्हणजे वाफ थंड करणारा भाग, तपासा: बाहेर पडणारं पाणी हाताला चटका देत असेल तर तेल वाफेबरोबर उडून जातंय. नळी तुंबली तर झाकण उडतं, म्हणून सेफ्टी व्हॉल्व्ह हवाच. वेगळा बॉयलर जोडणार असाल तर 25 लिटरच्या वर बॉयलर कायद्याचं प्रकरण सुरू होतं.

कागद एका फाइलमध्ये ठेवा: यंत्राचं जीएसटी बिल, त्यावर ‘सुगंधी तेल काढण्याचं यंत्र’ असा स्पष्ट उल्लेख, पिकाची नोंद असलेला आरटीसी उतारा (कर्नाटकातला सातबारा), धंदा करणार असाल तर उद्यम नोंदणी, आणि तेल विकल्याच्या पावत्या. अबकारी उपआयुक्तांच्या कार्यालयात माहितीचा अर्ज देऊन पोच घेतलेली उत्तम. अर्ज कन्नडमध्ये द्या. भाषेचा वाद आपल्या जागी, पण मराठी अर्ज टेबलावर पडून राहिला तर नुकसान तुमचं. ओव्याचा किंवा इतर औषधी अर्क विकायचा असेल तर आयुर्वेदिक औषधाचा परवाना वेगळा लागतो.

सीमेवर आणखी एक गुंता. शेत चंदगड तालुक्यात, घर बेळगावात, आणि यंत्र ट्रॉलीत घालून शिनोळीहून बाचीकडे आणलं, की मधल्या चार फर्लांगांत कायदा बदलतो. पलीकडे महाराष्ट्र दारूबंदी कायदा 1949, कलम 65 (फ), आणि खातं ‘राज्य उत्पादन शुल्क’, अलीकडे ‘अबकारी’. हेतूची अट दोन्हीकडे आहे, तेव्हा बिलाची प्रत ट्रॉलीतच ठेवा. गोव्यात काजूच्या भट्ट्यांना परवाने मिळतात, काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण सत्तरीतला परवाना चोर्ला घाट चढून कणकुंबीला येत नाही. खानापुरात काजू तितकाच पिकतो म्हणून तिथली भट्टी इकडे मांडाल, तर ती बेकायदाच.

तपासणीला कुणी आलं तर दार अडवू नका, हुज्जत नको. ओळखपत्र बघा, फाइल पुढे करा. जप्ती झाली तर महजर, म्हणजे आपला पंचनामा, काय लिहिलाय ते वाचून घ्या. कन्नड वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा, न समजता सही करू नका. जप्त वस्तूंच्या यादीची प्रत मागा. नव्या फौजदारी प्रक्रियेत, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 प्रमाणे, झडती आणि जप्तीचं चित्रीकरण व्हायला हवं. बॅरल कुठे होता, यंत्र कोरडं होतं की गरम, हे त्यात दिसतं.

माळ्यावर आजोबांच्या काळचा भट्टीचा हंडा आणि वेटोळं पडलेलं असेल तर दोन्ही एकत्र ठेवू नका. वेटोळं मोडीत घालून पावती घ्या. हंड्याचं भोक तांबटाकडून बुजवून, कल्हई करून आंघोळीच्या पाण्याला लावा.