टाइटबोअर टाकलं आणि एफपीएस उलटा पडला, आता काय बघायचं?

एअरसॉफ्टमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या गोळ्या (बीबी) मारणाऱ्या गनच्या खेळात, हा प्रश्न हमखास येतो. जुनं इनर बॅरल (बीबी ज्यातून जाते ती आतली नळी) काढलं, चांगले पैसे मोजून 6.03 मिमी आतल्या व्यासाचं टाइटबोअर, म्हणजे जास्त घट्ट भोकाचं बॅरल टाकलं, आणि एफपीएस (बीबीचा वेग, फूट प्रति सेकंद) वाढायचा सोडून वीस-पंचवीसने खाली आला, मग लगेच बॅरल डुप्लिकेट आहे, दुकानदाराने गंडवलं वगैरे सुरू होतं. बहुतेक वेळा बॅरल बिचारं बरंच असतं, ते बसवताना त्याच्या मागचं हॉप-अप रबर (बीबीला उलटी फिरकी देणारं) हललेलं असतं आणि तिथून हवा जात असते. मी इंग्लंडमध्ये खेळतो आणि इथल्या साइटवर बहुतेक लोकांकडे बॅटरीवर चालणाऱ्या एईजी असतात, त्यामुळे खालचं सगळं मुख्यतः एईजीबद्दल आहे, गॅसचं शेवटी थोडंसं.

आधी मोजमाप नीट करा, निम्मे घोळ तिथेच असतात. दोन्ही बॅरल एकाच वजनाच्या, एकाच पाकिटातल्या बीबींवर, हॉप पूर्ण बंद ठेवून, सेमीवर (एका वेळी एक शॉट) मोजायचे. गन बरेच दिवस पडून असेल तर पहिले एक-दोन शॉट वेगळेच येतात, कारण ग्रीस आणि ओ-रिंग बसायला वेळ लागतो, ते सोडून द्या आणि पुढचे दहा आकडे कागदावर लिहून काढा. मित्राने 0.28 ने मोजलं आणि तुम्ही 0.20 ने, आणि मग दोघं एफपीएसवरून भांडताय, याला काही अर्थ नाही. 0.20 ग्रॅमची बीबी 350 ला गेली तर 1.14 जूल होतात, आणि तेवढ्याच एनर्जीला 0.28 वाली साधारण 296 दाखवते, म्हणजे गन तीच, स्प्रिंग तीच, आकडा मात्र 54 ने कमी!

आणि एक गोष्ट जी कोणी करत नाही: नवीन बॅरल मोजून झालं की जुनं परत टाकून पुन्हा मोजा. आता जुनंही पहिल्यासारखा आकडा देत नसेल तर भानगड बॅरलची नाहीच, खोलबंद करताना काहीतरी हललंय. हे करताना रबर, नब (रबराला वरून दाबणारा तुकडा), चेंबर (रबर आणि बॅरल बसतं ते घर), बीबी काहीही बदलू नका. बॅरलबरोबर नवीन रबर पण टाकलं असेल तर कशामुळे काय झालं ते देवालाच ठाऊक.

आता नुसती सरासरी बघू नका, दहा आकड्यांची उडी बघा. सगळे आकडे तीन-चारच्या आत आहेत पण सगळेच कमी आहेत, तर हवा कमी पडतेय किंवा एकाच जागेवरून सारखी गळतेय किंवा हॉप पूर्ण बंद होत नाहीये. आकडे 310, 328, 301, 322 असे नाचत असतील तर सील दर वेळी वेगळं बसतंय, सरळ नॉझल (रबरात घुसून हवा सोडणारी नळी) आणि रबराकडे वळा.

रबराचं बघताना घाई करू नका. बॅटरी काढा, मॅगझिन काढा, चेंबरमध्ये बीबी नाही ना बघून घ्या, मग हॉप युनिट (चेंबर, रबर आणि बॅरल मिळून) बाहेर काढून टेबल-लॅम्पखाली धरा. मागच्या बाजूने बघितलं की रबराचा ओठ एकसारखा गोल दिसला पाहिजे. एका बाजूला तो आत दुमडलेला, चेपलेला किंवा चिरलेला दिसला तर चोर सापडला. कुकरची रिंग जराशी सरकली की शिटी न होता बाजूनेच वाफ जाते ना, तसंच हे. आता रबर बॅरलवरून ओढून काढा आणि हॉपची खिडकी (बॅरलवरचं भोक, जिथून रबर आत दाबतं) नखाने चाचपा, काही नवीन बॅरलला खिडकीच्या कडेला धातूची धार राहिलेली असते आणि रबर चढवताना तीच त्याला आतून कापते. बारीक, म्हणजे 1000 च्या वरचा पॉलिश पेपर बाहेरच्या कडेवर अलगद फिरवा, बोअरच्या आत अजिबात नाही, आणि झालेला चुरा पुसून काढा. रबराच्या आतली रेघ बॅरलच्या खाचेत बसतेय ना तेही बघा, ती तिरकी बसली तर बाहेरून सगळं ठीक वाटतं आणि हवा बाजूने जाते. चेंबरमध्ये बॅरल ढिलं वाटत असेल तर रबराच्या बाहेरून प्लंबरकडची पांढरी टेफलॉन टेप दोन-तीन वेढे, पण नब जिथे दाबतो ती जागा मोकळी ठेवा. आणि बॅरल चेंबरमध्ये अडकवणारी सी-क्लिप शेवटपर्यंत गेली नसेल तर बॅरल मिलिमीटरभर पुढे राहतं, तेवढं पुरतं वाट लावायला.

यानंतर माझी आवडती टेस्ट, काही खोलावं लागत नाही, फक्त डोळ्यांवर गॉगल हवा. एम4 रायफलसारख्या गनमध्ये हॉप युनिटला एक स्प्रिंग मागे, गिअरबॉक्सकडे (पिस्टन आणि सिलिंडर असलेली पेटी) दाबून धरते. ती थकली असेल किंवा बसवायची राहिली असेल तर नॉझल आणि रबर यांच्यात फट पडते. क्रोनोवर (वेग मोजायचं यंत्र) शॉट मारताना दुसऱ्या हाताने डस्ट कव्हरच्या खिडकीतून हॉप युनिट मागे दाबून धरा, मझल (बॅरलचं पुढचं तोंड) आणि मॅगझिनच्या तोंडापासून बोटं लांब ठेवून. दाबल्यावर आकडा चढला आणि सोडल्यावर पडला की निदान झालं, बॅरल निर्दोष.

एवढं करून फरक पडत नसेल तरच गिअरबॉक्स उघडा. नॉझलच्या तोंडावर बोट ठेवून पिस्टन हाताने पुढे ढकलायचा, तो जागच्या जागी अडला पाहिजे, हळूहळू पुढे सरकत असेल तर पिस्टन हेडची ओ-रिंग, सिलिंडर हेड किंवा नॉझल यातलं काहीतरी गळतंय.

आता खरोखर बॅरलमुळे किती फरक पडतो ते बघू. बीबी साधारण 5.95 मिमीची असते. मारुई या जपानी कंपनीचं मूळचं बॅरल 6.08 चं, म्हणजे बीबीभोवती जी रिकामी कडी उरते तिचं क्षेत्रफळ सुमारे 1.23 चौरस मिमी, 6.03 मध्ये तेच 0.75, म्हणजे बाजूने निसटणाऱ्या हवेची वाट जवळजवळ 40 टक्क्यांनी कमी. म्हणून सील चांगलं असेल तर टाइटबोअरने एफपीएस थोडा वाढायलाच हवा. पण लांबी बदलली तर गणित वेगळं. मारुईच्या एम4 चं बॅरल 363 मिमी, त्यात साधारण साडेदहा सीसी हवा मावते, एम16 चं 509 मिमी, त्यात पावणेपंधरा. आता तुमच्या सिलिंडरला बाजूला भोक असेल तर पिस्टन ते भोक ओलांडेपर्यंत हवा दाबलीच जात नाही, म्हणजे कामाची हवा फक्त भोकाच्या पुढची. छोट्या बॅरलसाठी केलेला तसा सिलिंडर ठेवून लांब बॅरल टाकलं की बीबी तोंडापर्यंत पोचायच्या आधीच हवा संपते आणि वेग पडतो. लांब बॅरल म्हणजे जास्त वेग हे एअरसॉफ्टमध्ये आपोआप खरं नाही. हलक्या बीबीसाठी सिलिंडरची हवा बॅरलच्या दीडपट ते दुप्पट असावी, असं लोक धरतात आणि मलाही ते पटतं. कमी पडत असेल तर भोक नसलेला सिलिंडर टाका.

सफाई राहिलीच. नवीन बॅरलला कारखान्यातलं तेल असतं, आणि काही लोक हौसेने त्यात सिलिकॉन स्प्रे मारतात, कृपा करून मारू नका, रबर घसरायला लागतं आणि बीबी कुठेही जाते. रॉडला धागे न सुटणारं कापड गुंडाळून आयसोप्रोपाइलने, हॉप बंद ठेवून, कापड कोरं निघेपर्यंत पुसा. रबर मात्र भांड्याच्या साबणाने कोमट पाण्यात धुवायचं आणि पूर्ण वाळवायचं.

गॅस गनमध्ये हे सगळं आहेच, वर तापमान. एक बॅरल सकाळच्या गारठ्यात मोजलं आणि दुसरं दुपारी उन्हात, तर ती तुलना कचऱ्यात टाका. एकाच तासात, शॉटमध्ये सारखं अंतर ठेवून मोजा, भराभर मारलं की मॅगझिन गार पडतं आणि आकडा उतरत जातो.

सील नीट झालं की उलटा प्रॉब्लेम येतो, आकडा लिमिटच्या वर जातो. ब्रिटनच्या कायद्यात 2017 पासून एअरसॉफ्टची मर्यादा फुल ऑटो जमणाऱ्या गनला 1.3 जूल आणि फक्त सिंगल शॉटवालीला 2.5 जूल आहे. 0.20 वर 1.3 जूल म्हणजे साधारण 374 एफपीएस, पण बऱ्याच साइट एईजीला 350 च्या वर मैदानात सोडत नाहीत. जपानमध्ये तर 1 जूलच्याही जरा आतच राहावं लागतं. अशा वेळी मुद्दाम गळती ठेवून आकडा खाली आणणारे महाभाग आहेत, त्यांचं ऐकू नका, दर शॉटला वेग बदलतो आणि ग्रुपिंगची (गोळ्या एकाच जागी लागण्याची) माती होते. स्प्रिंग बदला. एम100 म्हणजे 0.20 वर अंदाजे 100 मीटर प्रति सेकंद, 328 एफपीएस, एम90 त्याच्या खाली, पण हे नंबर ढोबळ असतात, कंपनीगणिक फरक पडतो. स्प्रिंग टाकून झाली की ज्या बीबीने खेळणार आहात त्याच बीबीने, हॉप लावून, परत क्रोनो करा.