पेन्सिल ड्रॉइंगचा कागद घेताना जाडी नंतर बघा, आधी अंगठा फिरवा

आमच्याकडं कागद घेताना सगळे एकच विचारतात, जाड हाय का? मी पण तेच करायचो. परभणीत असताना चांगला जाडजूड आयव्हरी कार्ड आणला आन त्यावर आजोबांचा फेटा काढायला बसलो, ६बी, म्हणजे मऊ गडद पेन्सिल, घासघास घासली तरी घडीतला काळा काही उतरेना, नुसती चकचक, वरून मनगट लागलं की सगळं फासतंय. कागद इतका गुळगुळीत होता की ग्राफाइट, म्हणजे पेन्सिलीतलं शिसं, धरायलाच तयार नाही. दोन संध्याकाळी पाण्यात.

तर मुद्दा हा की जाडी वेगळी आन पकड वेगळी. कागदावर बारीक खडबड असते, तिला टूथ म्हणतात, आपण दाणा म्हणू. पेन्सिल त्या दाण्यावर घासली की ग्राफाइट तिथं अडकतं, आन खळगे एकदा भरले की वरचा थर बसत नाही, मग कितीबी दाबा. म्हणून गडद शेडिंग करायचं, थरावर थर द्यायचे, तर मध्यम दाण्याचा कार्ट्रिज पेपर, म्हणजे ड्रॉइंगचा जाडसर कागद, घ्या. पापण्या, दागिने, बीबी का मकबऱ्याच्या जाळ्या असलं बारीक काम एच आन एचबी असल्या कडक पेन्सिलीनं करायचं असंल तर ब्रिस्टल नावाचा गुळगुळीत जाड कागद चालतो. फार खडबडीत घेतला तर शेडिंगमधी पांढरे ठिपके राहतात, चेहऱ्याला तर देवी आल्यागत दिसतं.

दुकानात जाताना खिशात २बी, ६बी आन खोडरबर ठेवा, कोपऱ्याचा तुकडा मागा, बरेच दुकानदार देतात. मोबाईलची टॉर्च कागदाला आडवी धरली की दाणा लगेच दिसतो. मग ६बीचा काळा पट्टा मारा, खोडा, परत त्याच जागी मारा, परत खोडा, असं तीनदा. कागदाचे तंतू उठले, लोकरीगत झालं, तर तो कागद तिथंच ठेवा, कारण आपण शिकणारी माणसं, खोडणार तर हायच. दोन्ही बाजू तपासा बरं का, काही कागदांची एक बाजू जास्त गुळगुळीत असते.

आता जीएसएम. म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन ग्रॅममधी. झेरॉक्सचा कागद साधारण ७० ते ८०, त्यावर कच्चं स्केच करा, बास. पक्क्या कामाला १५० ते २००. आन एक गंमत, ए४ चे १६ कागद मिळून जवळपास एक चौरस मीटर होतो, म्हणून सुट्टे १६ कागद किचनच्या डिजिटल काट्यावर ठेवा, जे ग्रॅम येतील तेच जीएसएम. गठ्ठ्यावर २०० लिहिलंय आन काटा १६० दाखवायला लागला तर समजून जा.

दौलताबादहून खुलताबादकडं जाताना कागजीपुरा लागतंय, हातकागदासाठी जुनं नाव. तुघलकानं १३२७ ला राजधानी इकडं आणली तेव्हा कागद करणारे बी आले असं सांगतात. तिकडं गेलात तर हातकागद जरूर घ्या, पण असला खडबडीत कागद कोळशाच्या कांडीनं (चारकोल) काढायला लई भारी, पेन्सिलच्या बारीक कामाला नको, टोक दर दाण्यावर उड्या मारतं.

चित्र वर्षानुवर्षं ठेवायचं असंल तर पाकिटावर ॲसिड-फ्री लिहिलेलं बघा. जुना पेपर उन्हात कसा पिवळा पडतो? लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन उरलेलं असतं ना, त्यानं, आन त्यातनंच ॲसिडबी तयार होतं. प्रॅक्टिसला मात्र ह्याच्यावर पैसे घालू नका, साध्या कागदाचा गठ्ठा आणा, तेवढ्या पैशात चार पट चित्रं होतील.

एप्रिल-मेमधी तळहाताला घाम येतो आन तो कागदाला लागला की तिथं पेन्सिल डागागत उमटते, म्हणून हाताखाली एक कोरा कागद ठेवून काम करा, आन तो ओढू नका, उचलून सरकवा.