फायरवॉलमधून वायर नेताना

जुनी गाडी नव्याने उभी करताना इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून, म्हणजे फायरवॉलमधून, वायर न्यायची असेल तर आधी कारखान्यानेच ठेवलेले, रबरी बुचाने बंद केलेले एखादे छिद्र सापडते का ते पाहावे. नवे पाडावेच लागले, तर बॅटरीची ऋण वायर सोडवून, पलीकडे ब्रेकची नळी नाही याची खात्री करून घ्यावी, कड कानशीने गुळगुळीत करून तिला प्रायमर लावावा आणि रबरी ग्रोमेट, म्हणजे छिद्राच्या कडेवर बसणारी खाचेची कडी, बसवल्याशिवाय वायर ओवू नये. कारण इंजिनाच्या थरथरीने उघडी कड वायरचे आवरण हळूहळू कापते आणि बॅटरीकडून थेट आलेली वायर पत्र्याला टेकली की आग लागू शकते. म्हणूनच फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच असावा. तो केबिनमध्ये बसवला तर मधल्या वायरला संरक्षणच उरत नाही. पुण्याच्या पावसाळ्याचा विचार करून ग्रोमेटमध्ये शिरण्यापूर्वी इंजिनाच्या बाजूला वायरला खाली झोल द्यावा, म्हणजे ओघळणारे पाणी तिथूनच ठिबकून जाते. वायरचा जोड ग्रोमेटमध्ये कधीही लपवू नये. पुण्यात गाड्यांच्या सुट्या भागांची दुकाने असलेल्या नाना पेठेतून ग्रोमेट आधी आणावे आणि त्याच्या खाचेच्या व्यासाएवढेच छिद्र पाडावे. उलट क्रमाने गेल्यास मापाचे ग्रोमेट शोधत दुकाने पालथी घालावी लागतात.