सभा झाली, बदल अर्ज मात्र अडला: गावच्या संस्थांनी या चुका टाळा

कोकणात गावमंडळाची, वाचनालयाची किंवा देवस्थानाची वार्षिक सभा चाकरमानी गावी आले की होते, म्हणजे मे महिन्यात नाहीतर गणपतीत. नवी कार्यकारिणी एकमताने निवडली जाते, सगळे समाधानाने परत जातात आणि काही महिन्यांनी सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अर्ज, म्हणजे नव्या कार्यकारिणीची नोंद करून घेण्याचा अर्ज, अडतो. तिथे सभेला किती गर्दी होती हे कोणी विचारत नाही. सभा नियमावलीप्रमाणे बोलावली होती का, एवढेच पाहतात.

सर्वांत जास्त अर्ज नोटिशीवर अडखळतात. नियमावलीत ‘पूर्ण १४ दिवस’ असे असेल, तर नोटीस पाठवल्याचा दिवस मोजायचा नाही आणि सभेचाही नाही. २०२६ साली गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला. सभा १६ तारखेला ठेवली, तर नोटीस १ सप्टेंबरपर्यंत टपालात पडलीच पाहिजे. दोन-चार दिवस आधी पाठवलेली बरी, कारण त्या दिवसांत सगळ्यांचीच धावपळ असते. सभासद रजिस्टरात पत्ता लालबाग-परळच्या चाळीचा आणि माणूस विरारला राहायला गेलेला, हे तर घरोघरचे. म्हणून दरवर्षी जूनमध्ये पत्ते तपासून घ्या.

नोटीस कशी पाठवायची हेही नियमावलीतच बघा. जुन्या नियमावल्यांत ‘यूपीसीने’ (साधे पत्र टाकल्याचा टपाल खात्याचा दाखला घेऊन) असे लिहिलेले असते, पण टपाल खात्याने ती सोय २०११ मध्येच बंद केली. नियमावली दुरुस्त होईपर्यंत नोटीस स्पीड पोस्टने पाठवून पावत्या जपा. गावातल्या सभासदांना नोटीस हातोहात देऊन सही व तारीख घ्या, आणि नियमावलीत दुरुस्ती करून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकलेला निरोप आठवण म्हणून चांगला, पण नियमावलीत नसेल तर ती नोटीस होत नाही.

विषयपत्रिकेत ‘कार्यकारिणीची निवड’ हा विषय स्वतंत्र लिहा. ‘ऐनवेळचे विषय’ या सदराखाली केलेली निवड हरकत आली की टिकत नाही. कोरमअभावी (किमान हजेरी न भरल्याने) तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने त्याच जागी घेता येते, पण नियमावलीत तशी तरतूद असेल तरच. ते वाक्य नोटिशीतही घाला.

मतदानाच्या हक्काकडे तर बहुतेकांचे लक्षच नसते. संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली असेल, तर कलम १५ प्रमाणे तीन महिन्यांहून जास्त वर्गणी थकलेल्या सभासदाला मत देता येत नाही आणि त्याची गणनाही होत नाही. म्हणजे सभामंडपात साठ माणसे बसली आणि त्यातल्या चाळीस जणांची वर्गणी दोन वर्षे थकलेली असेल, तर कोरम वीस जणांवरच मोजायचा. खजिनदाराने नोटीस निघण्यापूर्वी थकबाकीची यादी काढावी आणि वसुलीची पावती तारखेनिशी फाडावी. सभेच्या दारात वर्गणी घेऊन लगेच मत द्यायला लावले की तिथेच वादाला तोंड फुटते.

इतिवृत्त बांधीव वहीत, पानांना क्रमांक घालून लिहा. ठरावाला सूचक-अनुमोदकांची नावे हवीत. खाडाखोड झाली तर पांढरी शाई लावू नका. एक रेघ ओढून शेजारी सही करा. आणि दमट हवेचा विचार करा: पावसाळ्यात कपाटातल्या वह्यांना बुरशी धरते, जुनी शाई पसरते. प्रत्येक सभेनंतर पाने स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवा.

बदल अर्जाची मुदत बदल झाल्यापासून ९० दिवस. १६ सप्टेंबरची सभा असेल, तर १५ डिसेंबरपर्यंत. नोटीस, टपालाच्या पावत्या, हजेरीपत्रक, ठराव, नव्या विश्वस्तांची संमतीपत्रे आणि मयत विश्वस्ताचा मृत्यूदाखला सोबत लागतो. मुदत गेलीच तर उशिराची खरी कारणे देऊन विलंब माफीचा अर्ज जोडा. लागोपाठच्या तीन कार्यकारिणींचे अर्ज राहिले म्हणून शेवटच्या कार्यकारिणीचा एकच अर्ज करणे ही मोठी चूक. मधली कडी तुटलेली राहिली की परिशिष्ट १ वर (धर्मादाय कार्यालयातली संस्थेची नोंद) जुनी, कधी कधी हयात नसलेली नावे तशीच राहतात आणि बँकेतल्या सह्या बदलत नाहीत. प्रत्येक निवडीचा अर्ज वेगळा आणि क्रमाने करा.

हिशेबाचे वर्ष ३१ मार्चला संपते आणि लेखापरीक्षण अहवाल ३० सप्टेंबरपर्यंत द्यायचा असतो. मेच्या सभेत बहुधा कच्चा जमाखर्चच मांडला जातो; तो ‘मंजूर’ म्हणून लिहू नका. लेखापरीक्षकाकडे कागद जूनमध्येच पोचवले, तर गणपतीतल्या सभेत तपासलेला ताळेबंद ठेवता येतो. शेवटच्या आठवड्यासाठी काही राखू नका, पावसात वीज आणि नेट दोन्हींचा भरवसा नसतो. आयकराचे विवरण ही वेगळी जबाबदारी आहे. धर्मादाय कार्यालयात अहवाल दिला म्हणून ती संपत नाही.

शेवटी जमीन. किनाऱ्यालगतच्या देवस्थानांच्या जागांना आता मागणी आहे, म्हणून हे महत्त्वाचे. सर्वसाधारण सभेने एकमताने ठराव केला तरी विश्वस्त संस्थेची स्थावर मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. शेतजमीन दहा वर्षांहून, बिगरशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायची असेल, तरी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम ३६ खाली तीच परवानगी लागते. आंबा-काजूच्या बागेचा करार करतानाही मुदत आधी तपासा, इसार नंतर घ्या.