पॉयझन ओक किंवा आयव्ही लागलं तर पहिल्या तासात काय करायचं

कॅलिफोर्नियाच्या बे एरियात नवीन आलेली आपली मंडळी रँचो सॅन अँटोनियो, कॅसल रॉक नाहीतर पॉइंट रेयसला हाइकला जातात, ट्रेलच्या सुरुवातीला पॉयझन ओकची (अंगाला लागलं की पुरळ आणि फोड उठवणारं झुडूप) पाटी दिसते, आणि ती वाचून सरळ पुढे निघतात, कारण काय तर मागच्या वेळी झुडपात शिरलो होतो तरी काही झालं नव्हतं. आधी हाच गैरसमज काढून टाका. पहिल्यांदा लागतं तेव्हा बऱ्याच जणांना काही होत नाही, किंवा आठवड्याने, कधी कधी तीन आठवड्यांनी पुरळ येतं आणि तोवर हाइक विसरलेली असते. पण शरीराने तेवढ्यात त्याची नोंद करून ठेवलेली असते, मग पुढच्या वेळी एक-दोन दिवसांतच फोड येतात. इथले त्वचारोगतज्ज्ञ सांगतात की साधारण ८५ टक्के लोकांना याची ॲलर्जी होते, त्यामुळे आपण उरलेल्या १५ मध्ये आहोत असं धरून चालू नका.

त्रास देतं ते या झाडातलं तेल, उरुशिऑल. पानात, देठात, मुळात, अगदी वाळून गेलेल्या काडीतसुद्धा असतं. आंबा, काजू आणि बिब्बा हे याच कुळातले, त्यांच्या चिकातली द्रव्यंही बरीचशी तशीच, म्हणून बिब्बा उतल्यावर अंग कसं होतं ते ज्यांनी गावाकडे बघितलंय त्यांना हे फोड ओळखीचे वाटतील. आंब्याचा चीक लागून ज्यांचे ओठ सुजतात, किंवा काजूच्या ओल्या बिया सोलताना ज्यांचे हात उततात, त्यांनी जास्तच जपून राहायचं. भारतातून आई-बाबा उन्हाळ्यात इकडे आले की चपला घालून ट्रेलवर फिरतात, आईला एखादं चकचकीत लालसर पान आवडतं आणि ती ते खुडते, तर त्यांना घरातून निघतानाच सांगून ठेवा.

ओळखायचं कसं? तीन पानांचा झुबका, मधल्या पानाचा देठ लांब, बाजूची दोन जवळपास काडीला चिकटलेली. पश्चिमेकडच्या पॉयझन ओकची पानं कडेने गोलसर कातरलेली असतात, नवीन असताना तेलकट चमक आणि तांबूस रंग, मग हिरवी, उन्हाळ्याच्या शेवटी लालभडक. ब्लॅकबेरीची पानंही तीन-तीनच असतात आणि ती बहुतेक वेळा ओकच्या शेजारीच वाढते, पण ब्लॅकबेरीला काटे असतात आणि पानाची मागची बाजू पांढरट असते, ओकला काटे नाहीत. न्यू जर्सी, न्यूयॉर्ककडे असते ती पॉयझन आयव्ही, ती जमिनीवर पसरते, कुंपणावर, झाडावर चढते, आणि झाडावर चढलेल्या जुन्या वेलीला बारीक केसांसारखी मुळं फुटलेली असतात, अशा केसाळ वेलीला हात लावायचा नाही. हिवाळ्यात पानं गळतात आणि नुसत्या काड्या उरतात, तेव्हा ओळखणं खरंच अवघड, म्हणून थंडीत ट्रेल सोडून आत शिरूच नका.

आता लागलं असं कळलं किंवा नुसती शंका आली तर घरी पोचायची वाट बघू नका. तेल काही मिनिटांत कातडीत मुरायला लागतं, दहा मिनिटांत धुतलं तर बरंचसं निघतं, अर्धा तास गेला तर थोडंच. तरी एक-दोन तासांनी धुतलेलंही वाया जात नाही, निदान ते तेल दुसरीकडे तरी लागत नाही. सायकलची चेन बसवल्यावर हाताला काळं ग्रीस लागतं ना, तसंच हे, फक्त डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे नुसतं पाणी ओतून किंवा हलका साबण फिरवून जात नाही. भांडी घासायचा लिक्विड साबण घ्या, जाडसर फडक्याने घासा (सोलवटेल इतकं नाही), भरपूर गार किंवा कोमट पाण्याने धुवा, आणि हे सगळं लागोपाठ तीनदा करा, नखांच्या खालीसुद्धा. टेक्नू नावाचं क्लीन्झर इथल्या फार्मसीत मिळतं, वारंवार हाइकला जाणाऱ्यांनी गाडीत ठेवावं. आपल्याकडे काही झालं की आधी खोबरेल तेल नाहीतर हळद लावायची सवय असते, ती इथे चालणार नाही, धुवायच्या आधी तेल चोळलं तर उरुशिऑल त्याच्याबरोबर आणखी पसरतं.

अंग धुतलं तरी काम संपत नाही आणि लोक नेमकं इथेच थांबतात. बुटाच्या लेस, ट्रेकिंग पोल, बॅगेचे पट्टे, फोन, गाडीचं स्टिअरिंग, या सगळ्यावर ते तेल महिनोन्महिने टिकतं, मग पंधरा दिवसांनी कोणी बूट घालताना लेस बांधतं आणि मनगटावर फोड, आणि वाटतं पुरळ पसरतंय. कपडे वेगळे, डिटर्जंट घालून गरम पाण्यात धुवा, बाकीच्या वस्तू हातमोजे घालून रबिंग अल्कोहोल किंवा साबणाने पुसा. कुत्र्याला सहसा काही होत नाही पण त्याच्या केसांना लागलेलं तेल तुम्ही त्याला कुरवाळलं की तुमच्या हाताला येतं, त्यालाही हातमोजे घालूनच आंघोळ घाला. बॅकयार्डमधली आयव्ही उपटली तर जाळू मात्र कधीच नका, त्या धुरातून तेल फुप्फुसात जातं आणि श्वासाचा गंभीर त्रास होतो.

फोड आलेच तर बहुतेक वेळा काडी जशी घासली गेली तशा सरळ रेषेत येतात. त्यातलं पाणी लागून दुसऱ्याला काही होत नाही, पोराला जवळ घ्यायला हरकत नाही. कुठे आज, कुठे परवा फोड येतात कारण तिथे तेल कमी-जास्त लागलेलं असतं किंवा कातडी जाड असते. गार पाण्याच्या पट्ट्या, कॅलामाइन, ओटमीलची आंघोळ याने खाज आटोक्यात राहते. फोड फोडू नका. बेनाड्रिलचं क्रीम किंवा निओमायसिन या अँटिबायोटिकचं मलम त्यावर चोपडू नका, त्यांचीच वेगळी ॲलर्जी होऊ शकते. एक ते तीन आठवडे लागतात बरं व्हायला, धीर धरा.

डोळ्यांजवळ, तोंडावर, गुप्तांगावर आलं, अंगाचा बराच भाग व्यापला, पू झाला किंवा ताप १०० फॅरनहाइटच्या वर गेला तर डॉक्टरकडे जाच, आणि श्वास लागत असेल तर थेट ९११ ला फोन करा. डॉक्टर प्रेडनिसोन हे स्टिरॉइड देतात, त्यात एक गोष्ट विचारून घ्या, पाच-सहा दिवसांचा छोटा कोर्स संपला की पुरळ पुन्हा उसळतं असं बऱ्याचदा होतं, जास्त त्रास असेल तर दोन-तीन आठवड्यांचा, डोस हळूहळू कमी करत नेणारा कोर्स लागतो. आई-बाबांना द्यायची वेळ आली तर आणि त्यांना डायबेटिस असेल तर ते आधीच सांगा, स्टिरॉइडने शुगर चढते, तेवढे दिवस घरी रोज तपासत राहा.