खासगी शवविच्छेदन करवून घेताना या चुका टाळा

घरातले माणूस अचानक गेले आणि मृत्यूचे कारण मनाला पटले नाही, तर खासगी शवविच्छेदनाचा विचार बहुधा एक-दोन दिवसांनी बोलून दाखवला जातो, आणि सर्वाधिक नुकसान नेमके त्याच दिवसांत होऊन गेलेले असते. तपासणीचे ठरण्याआधीच एम्बामिंग, म्हणजे मृतदेह टिकवण्यासाठी त्यात रसायने भरणे, करू दिले, तर ती रसायने रक्ताची जागा घेतात आणि विषचाचणीचा फारसा भरवसा उरत नाही. मृतदेह सुमारे ४ अंश सेल्सिअसला ठेवावा, पण गोठवू नये. गोठल्यावर पेशींत बर्फाचे स्फटिक होतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ऊती फाटलेल्या दिसतात. एम्बामिंग झालेच असेल, तरी फुप्फुसातली रक्ताची गुठळी किंवा गाठ ओळखता येते, म्हणून तेवढ्यावरून माघार घेऊ नये.

मृत्यू रुग्णालयात झाला असेल, तर शेवटच्या दिवसांत घेतलेल्या रक्ताच्या नळ्या प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये थोडेच दिवस राहतात आणि मग टाकून दिल्या जातात. त्या जपून ठेवण्याची लेखी विनंती त्याच दिवशी करावी. फार थोड्यांना हे ठाऊक असते, म्हणून मुद्दाम सांगतो. घातपाताचा संशय असल्यास मात्र आधी पोलिसांकडेच जावे. संमती कायद्याने अधिकार असलेल्या नातेवाइकाचीच लागते.

‘सगळे तपासा’ एवढेच सांगणे ही मला सर्वांत महागात पडणारी चूक वाटते, कारण प्रश्नानुसार तपासणीची पद्धत बदलते. स्मृतिभ्रंशाचा नेमका प्रकार जाणून घ्यायचा असेल, तर मेंदू लागतो. ताजा मेंदू फार मऊ असल्याने तो नीट कापता यावा म्हणून साधारण दोन आठवडे फॉर्मॅलिनमध्ये (ऊती टिकवून घट्ट करणाऱ्या द्रावणात) ठेवतात, तेव्हा अंत्यसंस्कार त्याआधी करायचे की नंतर, हे घरच्यांनी अगोदरच ठरवावे लागते. तरुण माणूस एकाएकी गेला आणि हृदय वरकरणी निरोगी निघाले, तर ठोक्यांच्या आनुवंशिक दोषाची शंका उरते, पण फॉर्मॅलिनमध्ये डीएनए खराब होत जातो. म्हणून रक्त किंवा प्लीहेचा तुकडा वेगळा गोठवून ठेवायला आधीच सांगावे. त्या उत्तरावर मागे राहिलेल्या भावंडांचा जीव अवलंबून असू शकतो.

शवविच्छेदन स्वतः पॅथॉलॉजिस्ट करणार आहेत का, आणि शुल्कात सूक्ष्मदर्शी व विषचाचणी धरली आहे का, हे लेखी घ्यावे. अंतिम अहवालाला कित्येक आठवडे लागतात. मेणात बसवलेले ऊतींचे ठोकळे आणि काचपट्ट्या किती काळ जपणार, तेही विचारून ठेवावे, कारण दहनानंतर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यायचे झाले, तर तपासायला प्रामुख्याने तेवढेच शिल्लक असते.