नर कापून टाकू नका: सातेरी पाळताना या चुका टाळा

गोव्यात सातेरी म्हटले की आधी हात जोडले जातात. रोयण म्हणजे वारूळ, आणि वारूळ म्हणजे देवी. त्याच नावाची मधमाशी आपण कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) पेटीत पाळतो, पण दोघींचा संसार वेगळा. वारुळातल्या वाळवीची राणी आपल्या राजाबरोबर जन्म काढते. माशीच्या पेटीत राजाच नसतो. तरुण राणी आकाशात दहाहून जास्त नरांशी मीलन करते. नर तिथेच मरतात, पण त्यांचे बीज ती पोटातल्या पिशवीत साठवून जन्मभर पुरवते.

म्हणून एकाच पेटीत काही माश्या काळसर, काही पिवळसर दिसल्या तर बाहेरच्या घुसल्या असे समजू नका. आई एक, बाप वेगळे. सख्ख्या बहिणींचे जनुकीय नाते 75 टक्के, सावत्रांचे 25. याचा फायदाही आहे: उकाडा वाढला की एका बापाच्या लेकी आधी पंख हलवू लागतात, दुसऱ्याच्या मागाहून, त्यामुळे पिलाव्याचे (अंडी, अळ्या, कोष यांचे) तापमान एकदम खाली-वर होत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे एकाच चांगल्या पेटीतल्या वसाहतीच्या फोडी (विभागणी) करत दहा पेट्या उभ्या करणे. मग राणीला भेटणारे नर तिच्याच घराण्यातले निघतात. माशीत नर होतो तो निषेचन (नराच्या बीजाशी संयोग) न झालेल्या अंड्यातून. पण लिंग ठरवणारा जनुक आईबापांकडून एकसारखा आला, तर निषेचित अंड्यातूनही नर होतो आणि कामकरी माश्या त्याला कोवळ्या वयातच खातात. राणीला एकच नर मिळाला आणि त्याचा हा जनुक तिच्यासारखाच निघाला, तर अर्धा पिलावा जातो. दहातला एकच तसा असेल, तर नुकसान 5 टक्क्यांवर थांबते.

चौकट उजेडात धरून पाहा. अंडे, शेजारी मोठी अळी, त्यालगत झाकलेले घर, मध्ये स्वच्छ रिकामी घरे: असा ठिगळ पिलावा दिसला तर हे कारण आधी तपासा. औषध मारू नका. हा सॅकब्रूड रोग नव्हे; त्यात अळी मरून पाण्याच्या पिशवीसारखी होते, ती घरातच दिसते. ठिगळ पिलाव्यावर इलाज एकच, दूरच्या वाड्यावरची राणी किंवा वसाहत आणणे.

नर आयतखाऊ म्हणून त्यांची घरे (टोपणावर बारीक भोक असते ती) सरसकट कापतात, हे पाहून मला खरेच वाईट वाटते. तुमचे नर शेजाऱ्याच्या राणीसाठी आहेत आणि त्याचे तुमच्या.

राणी नवी असेल तर दुपारी पेटी उघडू नका किंवा हलवू नका; ती उड्डाणावर असू शकते. तीन आठवड्यांनीही अंडी नसतील, किंवा एकेका घरात भिंतीला चिकटलेली दोन-तीन दिसली (ती राणीची नव्हेत, कामकरी माश्यांची), तर राणी परतलीच नाही असे धरा आणि ताज्या अंड्यांची चौकट द्या. तीही शक्यतो दुसऱ्या घराण्याच्या पेटीतली.